घरपट्टी नको, पण प्राप्तिकरही नको

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या घरमालकांना सगळ्यांत नकोसा कर कोणता असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर एकच येईल: शाळेची घरपट्टी. जुलैत तिचं बिल येतं. दोन महिन्यांत भरलं तर दोन टक्के सूट, चार महिने उलटले तर दहा टक्के दंड. नोकरी गेली, नवरा वारला, पेन्शन आहे तिथेच राहिली, तरी बिल यायचं थांबत नाही, आणि बहुधा ते वाढूनच येतं. या राज्यात सरकारी शाळांच्या खर्चातला निम्म्याहून अधिक वाटा स्थानिक करांतून उभा राहतो आणि त्यातला सिंहाचा वाटा घरपट्टीचा. त्यामुळे घरपट्टी कमी करतो म्हटल्याशिवाय तिथे निवडणूक लढवता येत नाही. एड रेंडेल यांनी २००२ मध्ये हेच आश्वासन दिलं आणि ते गव्हर्नर झाले.

१५ मे २००७ रोजी मतदारांना हा नकोसा कर कमी करून घ्यायची संधी मिळाली. तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (शाळा चालवणाऱ्या स्वतंत्र स्थानिक संस्थेने) मिळकतीवरचा, म्हणजे घरावरचा नव्हे तर कमाईवरचा, कर वाढवावा आणि त्या पैशातून राहत्या घरांची घरपट्टी उतरवावी, हे मान्य आहे का, असा प्रश्न मतपत्रिकेवर होता. फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग आणि स्क्रँटन ही तीन शहरं वगळून ४९८ डिस्ट्रिक्टांत हा कौल घेतला गेला. (फिलाडेल्फियाचे लोक त्या दिवशी मेयरपदाच्या उमेदवारीत गुंतले होते, त्यांना हे कुणी विचारलंच नाही.) होकार देणारे डिस्ट्रिक्ट दहाच्या आतच निघाले. बाकी सगळीकडे नकार, आणि तोही काठावरचा नव्हे.

असा निकाल लागला की शहाणी माणसं मतदारांवर चिडतात. यांना शाळा उत्तम हव्यात, कर मात्र एकही नको. दोन्ही दगडांवर पाय ठेवायचे आणि वर सरकारला बोल लावायचे. मला हे पटत नाही. त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाला मतदारांनी दिलेलं उत्तर बरोबर होतं. चूक प्रश्न तयार करणाऱ्यांची होती, आणि ती त्यांनी पहिल्यांदा केली होती असंही नाही.

१९८९ च्या मे महिन्यात गव्हर्नर रॉबर्ट केसी यांनी याच धर्तीची करसुधारणा साऱ्या राज्यापुढे मताला टाकली होती. साधारण चारातल्या तिघांनी ती फेटाळली. १९९८ मध्ये डिस्ट्रिक्टांना आपापल्या पातळीवर अशी अदलाबदल करायची मुभा देणारा कायदा आला, पण त्या वाटेला फार थोडे गेले. २००४ मध्ये स्लॉट मशीनच्या जुगाराला परवानगी देऊन त्या उत्पन्नातून घरपट्टीत सवलत देण्याची योजना आखली गेली. पण सवलत हवी असेल तर डिस्ट्रिक्टने मिळकतीवरचा कर थोडा वाढवायचा आणि पुढे घरपट्टी एका मर्यादेपलीकडे न्यायची झाली तर मतदारांची परवानगी घ्यायची, अशी अट घातली. मे २००५ ची मुदत संपली तेव्हा ५०१ पैकी फक्त १११ शाळा मंडळांनी होकार कळवला होता. म्हणजे २००७ चा निकाल आकाशातून पडलेला नव्हता. प्रश्न मंडळांना विचारला तरी नकार येत होता आणि लोकांना विचारला तरी नकारच येत होता.

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे काय ते इथे सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्याला जोड नाही. तो नगरपालिकेचा शिक्षण विभाग नसतो. त्याचं मंडळ वेगळं निवडून येतं, कर ते स्वतः लावतं आणि त्याच्या हद्दीत जेवढं जमेल तेवढ्यावरच त्याच्या शाळा बऱ्याच अंशी चालतात. फिलाडेल्फियाजवळच्या एक्स्टन किंवा किंग ऑफ प्रशाच्या आसपास घर शोधणारी आपली मराठी मंडळीही आधी डिस्ट्रिक्ट बघतात आणि मग स्वयंपाकघर.

आता प्रत्यक्ष सौदा काय होता ते पाहू. मिळकतीवरचा जो स्थानिक कर वाढवायचा होता, तो प्रामुख्याने कमावलेल्या मिळकतीवरचा, म्हणजे पगारावरचा आणि धंद्याच्या नफ्यावरचा. पेन्शन, व्याज, लाभांश यांना तो लागत नाही. व्याज-लाभांशही धरणारा दुसरा पर्याय कायद्यात होता, पण निवृत्तांची पेन्शन त्यातूनही सुटत होती, कारण पेनसिल्व्हेनिया ती करपात्र धरतच नाही. आणि घरपट्टीतली सवलत फक्त स्वतःच्या राहत्या घराला.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. वाढीव कर एक टक्का आणि त्यातून प्रत्येक राहत्या घराला सहाशे डॉलरची सवलत. नवरा-बायको दोघे मिळून वर्षाला ऐंशी हजार कमावतात आणि घर स्वतःचं आहे: आठशे गेले, सहाशे आले. भाड्याच्या घरात राहून चाळीस हजार कमावणारी परिचारिका: चारशे गेले, आलं काहीच नाही, घरमालकाच्या भाड्याने दिलेल्या इमारतीला सवलत नसल्यामुळे भाडं उतरण्याचाही प्रश्न नाही. कर्ज फिटलेल्या घरात राहणारा, पेन्शन आणि गुंतवणुकीवर सुखाने जगणारा निवृत्त माणूस: गेलं काही नाही, सहाशे आले. कारखाने आणि मॉल यांची घरपट्टी होती तिथेच राहिली, म्हणून त्यांना यात ना सुख ना दुःख. थोडक्यात, तरुण कमावत्या घरांनी आणि भाडेकरूंनी मिळून वृद्ध घरमालकांचं बिल भरायचं. यात गरीब म्हाताऱ्यांबरोबर श्रीमंत म्हातारेही सुटत होते, आणि गरीब भाडेकरू अडकत होते. घरात कमावती दोन माणसं असतील, तर त्यांनी पेन्सिल घेऊन पाच मिनिटं हिशेब मांडला तरी नकार यायला पुरेसं होतं.

फिलाडेल्फियाच्या उपनगरांत तर गुंता आणखी वाढतो. १९३२ च्या स्टर्लिंग कायद्याने शहराला अधिकार दिला की तिथे कामाला येणाऱ्या बाहेरच्या माणसाच्या पगारावरही कर लावावा. आज तो साडेतीन टक्क्यांच्या घरात आहे. शहराला भरलेला हा कर गावच्या मिळकत-करातून वजा होतो. म्हणजे बक्स किंवा माँटगोमेरी काउंटीत राहून रोज रेल्वेने शहरात जाणाऱ्याच्या पगारातून त्याच्या गावच्या शाळेला दमडी मिळत नाही. अशा गावाने मिळकत-कर वाढवला, तर तो भरणार कोण? जो गावातच किंवा शेजारच्या गावात काम करतो तो. घरपट्टीची सवलत मात्र दोघांनाही सारखी. एकाच गल्लीत समोरासमोर राहणाऱ्या दोन शेजाऱ्यांत भांडण लावून देण्याचा याहून खात्रीचा मार्ग शोधूनही सापडला नसता.

हिशेबाच्या पलीकडे विश्वासाचाही प्रश्न होता, आणि माझ्या मते तोच जास्त वजनदार. प्रश्नाचा पहिला भाग होता कर वाढवण्याचा, आणि तो पक्का होता. दुसरा भाग होता दुसरा कर कमी होण्याचा, आणि तो अंदाजे होता. एकदा लागलेला मिळकत-कर परत जात नाही हे सगळ्यांना ठाऊक. घरपट्टी मात्र यंदा उतरली तरी शिक्षकांचे पगार, पेन्शन निधीचा भरणा, डिझेल, आरोग्य विमा यांच्या मागे पुन्हा वर चढणार. ज्या कायद्याने हा कौल घ्यायला लावला, त्याच कायद्याने घरपट्टीच्या वार्षिक वाढीला मर्यादा घातली होती, पण त्या मर्यादेला अपवादही ठेवले होते. चार-पाच वर्षांनी दोन्ही कर भरतोय अशी वेळ येईल, ही भीती अडाणीपणाची म्हणता येणार नाही. जुगाराच्या पैशातून सवलत यायला लागली ती २००८ मध्ये, आणि ती घरामागे सरासरी दोनशे डॉलरच्या आसपास. गाजावाजा केवढा झाला होता आणि हातात आलं ते एवढंसं.

ही भीती आपल्याला तरी परकी वाटायला नको. महाराष्ट्रात शहरी मालमत्तांवर शिक्षण कर १९६२ च्या कायद्यापासून आहे. महापालिकेच्या बिलात तो वेगळ्या ओळीत छापलेला असतो आणि गोळा होऊन राज्याच्या तिजोरीत जातो. प्राप्तिकरावर केंद्राने २००४ मध्ये दोन टक्के शिक्षण उपकर लावला, २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का, आणि २०१८ मध्ये आरोग्याला जोडून एकूण चार टक्के केले. त्या २००७ च्या उपकराचा स्वतंत्र निधी स्थापायला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ऑगस्ट २०१७ मध्ये. दहा वर्षं पैसा एका कारणासाठी म्हणून घेतला जात होता, आणि तो ठेवायची पेटीच नव्हती. आपण घरावरही शाळेसाठी देतो, मिळकतीवरही देतो, आणि मुलाला खाजगी शाळेत घालून फी वेगळी भरतो. फरक इतकाच की आपल्याला कुणी मतपत्रिका दिली नाही. दिली असती तर आपणही पेनसिल्व्हेनियाकरांसारखाच ठप्पा मारला असता, असं मला वाटतं.

घरपट्टीचं एक मात्र मान्य करायला हवं. ती क्रूर आहे, पण दिसते. बिलावर डिस्ट्रिक्टचं नाव असतं, ती वाढवणारी माणसं गावातच राहतात आणि त्यांना पुढच्या निवडणुकीत पाडता येतं. शिवाय मंदीत पगार आटतात, घरं जागेवर असतात. २००८ नंतर राज्याराज्यांचा प्राप्तिकर घसरला तेव्हा शाळांना तगवून धरण्यात घरपट्टीचा वाटा मोठा होता. आणखी एक गोष्ट लोक मोठ्याने बोलत नाहीत, पण मतदान करताना विसरतही नाहीत: चांगल्या शाळेची किंमत घराच्या किमतीत मुरलेली असते. डार्टमथचे अर्थशास्त्रज्ञ विल्यम फिशेल यांनी हा मुद्दा अनेक वर्षं मांडला आहे. मूल शाळेत नसलेला घरमालकही शाळेवर खर्च करायला तयार होतो, कारण घर विकताना ते वसूल होतं. अर्थात घरपट्टीचं मूल्यांकनही काही धुतल्या तांदळासारखं नाही. बक्स काउंटीत सगळ्या घरांचं शेवटचं फेरमूल्यांकन १९७२ मध्ये झालं. पन्नास वर्षांपूर्वीच्या किमतींच्या पायावर आजची बिलं निघतात आणि कोण जास्त भरतो, कोण कमी, याचा न्याय कधीच हरवला आहे.

मग मतदार कधीच हो म्हणत नाहीत का? म्हणतात. मिशिगनचा किस्सा याच्या नेमका उलट आहे. १९९३ च्या मार्चमध्ये कालकास्का या छोट्या गावाच्या शाळा पैसे संपले म्हणून वर्ष पुरं व्हायच्या आतच बंद झाल्या, आणि देशभर बातमी झाली. त्याच वर्षी जुलैत राज्याच्या विधिमंडळाने शाळांसाठीची स्थानिक घरपट्टी रद्दच करून टाकली. पर्यायी पैसा कुठून आणायचा हे ठरवायच्या आधी! बेजबाबदारपणाचा हा कळसच होता, पण त्याने प्रश्न बदलला. १५ मार्च १९९४ रोजी मतदारांसमोर आला तो प्रस्ताव असा: विक्रीकर चारचा सहा टक्के करायचा आणि प्राप्तिकर ४.६ वरून ४.४ वर आणायचा. नकार दिला तर जुनी घरपट्टी परत येणार नव्हती. मग प्राप्तिकर सहा टक्के होणार होता. ६९ टक्के लोकांनी विक्रीकराला कौल दिला.

यातून एक गोष्ट दिसते. नकाराचा अर्थ 'आहे तेच राहू दे' असा असेल तर लोक नकार देतात. ज्याचा त्रास अंगवळणी पडला आहे तो कर अनोळखी करापेक्षा परवडतो. दोन्ही उत्तरांना किंमत मोजावी लागणार असेल, तर ते बसून विचार करतात. दुसरीही गोष्ट दिसते, आणि ती प्राप्तिकराच्या समर्थकांना आवडणार नाही: निवड करायची वेळ आली तेव्हाही लोकांनी प्राप्तिकर टाळलाच. विक्रीकर गरिबाला जास्त बोचतो हे खरं असूनही, वाण्याकडे थोडा थोडा जाणारा कर पगारातून एकदम जाणाऱ्या करापेक्षा सोसवतो. इलिनॉयमध्ये १९९४ च्या निवडणुकीत डॉन क्लार्क नेच यांनी प्राप्तिकर वाढवून शाळांना पैसा आणि घरपट्टीत सवलत देऊ असं उघड सांगितलं. गव्हर्नर जिम एडगर यांनी त्यावरच त्यांना झोडपलं आणि प्रचंड फरकाने हरवलं. १९९७ मध्ये याच एडगर यांनी जवळपास तीच योजना स्वतःच्या नावाने मांडली आणि ती त्यांच्याच पक्षाच्या हातातल्या सिनेटमध्ये अडकून मेली.

ओहायोचं उदाहरणही विचारात घेण्यासारखं आहे. तिथल्या अनेक ग्रामीण डिस्ट्रिक्टांत मतदारांनी शाळेसाठी मिळकत-कर स्वतः मंजूर केलेला आहे. कारण साधं आहे. शेतकऱ्याकडे जमीन भरपूर आणि वाईट वर्षी उत्पन्न शून्य. त्याला जमिनीवरच्या करापेक्षा उत्पन्नावरचा कर मानवतो. तिथे त्या करामागे कुणाचं तरी खरं दुखणं होतं. पेनसिल्व्हेनियाने ४९८ वेगवेगळ्या गावांना एकाच दिवशी एकच काढा पाजायला घेतला.

पण खरी गोम आणखी पुढे आहे, आणि २००७ च्या प्रश्नाने तिला हातच घातला नव्हता. फिलाडेल्फियाला खेटून असलेल्या विल्यम पेन डिस्ट्रिक्टमधली छोटी गावं घरपट्टीचा दर चढा लावूनही मुलामागे जवळच्या श्रीमंत लोअर मेरियनइतका पैसा उभा करू शकत नाहीत. पँथर व्हॅली आणि शेनँडोआ व्हॅली या कोळशाच्या जुन्या पट्ट्यात खाणी बंद पडल्या, माणसं निघून गेली, घरांना किंमत उरली नाही. अशा ठिकाणी घरपट्टी काढून मिळकत-कर लावला तर काय बदलेल? जिथे घरं स्वस्त आहेत तिथे पगारही तुटपुंजेच आहेत. गरीब डिस्ट्रिक्टने एका रिकाम्या खिशाऐवजी दुसऱ्या रिकाम्या खिशात हात घालायचा, याला सुधारणा म्हणायची तरी कशी? कर घरावर की पगारावर, हा प्रश्न दुय्यम आहे. पैसा कुंपणाच्या आतल्यांनीच उभा करायचा की साऱ्या राज्याने, हा पहिला. मिशिगनने सगळ्या त्रुटींसकट तो सोडवायला घेतला; प्रत्येक मुलामागे राज्याने द्यायची किमान रक्कम ठरवली. पेनसिल्व्हेनियाच्या मतपत्रिकेवर तो कधी उमटलाच नाही.

मतदारांनाही मी सगळीकडे पाठीशी घालणार नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांना विचारलं की राहत्या घराची घरपट्टी पूर्ण माफ करायची परवानगी राज्यघटनेत घालावी का. भरपाई कुठून, याचा उल्लेख प्रश्नात नव्हता, आणि या वेळी बहुमत हो म्हणालं. फुकट मिळतंय म्हटल्यावर हात पुढे झाला. पैसा कुठून आणायचा हे न ठरल्यामुळे ती परवानगी बहुतांशी कागदावर राहिली. त्याआधी २०१५ मध्ये शाळेची घरपट्टी पूर्ण रद्द करून विक्रीकर आणि राज्याचा प्राप्तिकर वाढवण्याचं विधेयक सिनेटमध्ये २४-२४ असं अडलं आणि उपराज्यपाल माइक स्टॅक यांच्या एका मताने पडलं. पडलं ते बरंच झालं. त्यात कंपन्यांच्या इमारतींची घरपट्टीही माफ होणार होती, आणि तो बोजा दुकानात आणि पगारात सामान्य कुटुंबांवर येणार होता.

म्हाताऱ्यांचं दुःख खरं आहे आणि त्यावर औषधही राज्याकडे आहे. लॉटरीच्या पैशातून वृद्ध आणि अपंगांना घरपट्टीचा किंवा घरभाड्याचा काही भाग परत देणारी योजना १९७१ पासून चालत आली आहे. २०२३ मध्ये तिची कमाल रक्कम साडेसहाशेवरून हजार डॉलर झाली आणि उत्पन्नाची मर्यादा पंचेचाळीस हजारांवर गेली. ज्याचं उत्पन्न कमी आहे त्यालाच ती मिळते, आणि भाडेकरूलाही मिळते. पेन्शनरचं घर वाचवण्यासाठी परिचारिकेच्या पगाराला कात्री लावायची गरज नाही, हे या एका योजनेवरून कळतं. ती आणखी वाढवली तर घरपट्टीविरोधी मोर्च्यांतली निम्मी हवा निघून जाईल.

कुंपणाचा प्रश्न शेवटी कोर्टाने काढला. विल्यम पेन, पँथर व्हॅली, लँकेस्टर आदी सहा डिस्ट्रिक्टांनी पालकांसह २०१४ मध्ये दावा लावला होता. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी न्यायाधीश रेने कोहन जुबेलिरर यांनी ७८६ पानी निकाल दिला: शाळांना पैसा पुरवण्याची ही पद्धत राज्यघटनेच्या विरुद्ध आहे. जानेवारी २०२४ मध्ये राज्याच्या आयोगाने तूट ५.४ अब्ज डॉलरची असल्याचं मान्य केलं आणि ती सात वर्षांत भरून काढायची शिफारस केली. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात पहिला हप्ता आला, सुमारे पन्नास कोटी डॉलरचा, आणि त्यातला काही भाग घरपट्टी आधीच परवडेनाशी झालेल्या डिस्ट्रिक्टांसाठी राखला गेला. हा पैसा येतो राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे मुख्यतः प्राप्तिकर आणि विक्रीकरातून. ज्या अदलाबदलीला ४९८ डिस्ट्रिक्टांनी जवळपास एकमुखाने नकार दिला, तिचाच एक चांगला भाग आता राज्याच्या पातळीवर, कुणाच्याही पगारातला कराचा टक्का न वाढवता, सुरू झाला आहे. पुढचे हप्ते दर वर्षीच्या अर्थसंकल्पात आमदारांना मंजूर करावे लागतील, आणि राज्याची गंगाजळी आटली की ३.०७ टक्क्यांचा प्राप्तिकर वाढवायचा का, हा प्रश्न त्यांना टाळता येणार नाही.